दुसऱ्याच्या मुळांवर

हायब्रिड टी गुलाबाचं बी पेरलं तर तोच गुलाब परत मिळत नाही. फूल झाडावर राहू दिलं, पाकळ्या गळू दिल्या, की काही जातींत देठाच्या टोकाला छोटं गोल फळ धरतं. ते पिकून केशरी होतं, आत टणक बिया असतात. त्या रुजवल्या तर उगवतो गुलाबच, पण तो दुसराच कुणीतरी असतो. रंग निराळा, पाकळ्या मोजक्या, झाडाची ठेवण निराळी. या गुलाबांच्या वंशात इतकी घराणी मिसळली आहेत की प्रत्येक बी आपापली वाट धरतं. काडी खोचून काही जाती रुजतात, पण आमच्या पुण्याच्या चुनखडीच्या जमिनीत स्वतःच्या मुळांवर त्यांचा जम क्वचितच बसतो. मग जात टिकवायला एकच भरवशाचा रस्ता उरतो. तिच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला सुप्त अंकुर, काढायचा आणि दुसऱ्या, रांगड्या गुलाबाच्या खुंटावर भरायचा.

माझ्या अंगणातलं आणि गच्चीवरच्या कुंड्यांतलं प्रत्येक हायब्रिड टी झाड असं दुसऱ्याच्या मुळांवर उभं आहे. जमिनीखाली एक गुलाब, जमिनीवर दुसरा. खालचा अन्नपाणी ओढतो, वरचा फुलतो. कुणीतरी सुरी हातात धरून या दोघांना एकत्र आणलं, म्हणून ते फूल आहे. असे हात थांबले की ती जात काही वर्षांत संपते. रानात ती सापडायची नाही, पाखरांनी टाकलेल्या बियांतून कुठे उगवायची नाही. गुलाबाकडे मी इतकी वर्षं ओढली गेले ती फुलासाठीच. आता मात्र झाडापाशी उभी राहिले की त्या हातांची आठवण आधी येते, ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात ज्यां-बाप्तिस्त गियो यांनी १८६७ मध्ये 'ला फ्रान्स' हा गुलाब बाजारात आणला. रुपेरी झाक असलेला गुलाबी रंग, गच्च भरलेलं फूल, उत्तम वास. गुलाबवाले त्याला पहिला हायब्रिड टी मानतात, आणि त्याच्या आधीचे वर्ग जुने, नंतरचे आधुनिक, अशी रेघही त्याच वर्षावर ओढतात. आज कुठे 'ला फ्रान्स'चं झाड फुललं असेल तर ते गियोंच्या झाडाचं नातवंड-पतवंड नसतं, तेच झाड असतं. एका खुंटावरून दुसऱ्या खुंटावर जात जात दीडशेहून अधिक वर्षं जगलेला तोच एक जीव. हे मला पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा मी माझ्या झाडांकडे बराच वेळ बघत राहिले होते. ज्यांना मी माझी झाडं म्हणत होते ती माझ्या जन्माआधीपासून कुणाकुणाच्या दारात जगत आली होती.

गियोंच्याही मागे बरंच काही आहे. युरोपातल्या मोठ्या फुलांच्या दणकट गुलाबांचा चीनमधून आलेल्या टी गुलाबांशी संकर झाला, त्यातून हा वर्ग जन्मला. आणि टी गुलाबांच्या मागे एक रानवेल आहे, रोझा जायगँटिया. युनान, ब्रह्मदेश, मणिपूर, नागालँड इथल्या डोंगरांत ती मोठ्या झाडांवर चढत जाते. जॉर्ज वॉट यांना ती १८८२ मध्ये मणिपूरच्या डोंगरांत सापडली. हायब्रिड टीची लांब, टोकदार कळी आणि रुंद पाकळी या वेलीकडून आलेली आहे. गुलाब इराणातून मुघलांबरोबर आपल्याकडे आला असं आपण शाळेपासून ऐकतो. नाशिकला मुघल अमदानीत गुलशनाबादच म्हणत. अत्तराच्या आणि गुलकंदाच्या गुलाबांबद्दल ते ठीक आहे. पण माझ्या कुंडीतल्या कळीचा एक धागा पश्चिमेकडून आलेला नाही. तो पूर्वेच्या डोंगरांतल्या त्या रानवेलीकडून चीनच्या बागांत, तिथून युरोपात आणि तिथून भारतात, असा फिरून आला आहे.

चिनी गुलाबांनी दिलेली दुसरी देणगी मला त्याहूनही मोठी वाटते. रानटी गुलाब बहुधा वर्षातून एकदा फुलतो आणि थांबतो. फुलणं थांबवून फांदी वाढवायला सांगणारं एक जनुक त्याच्यात असतं. चीनमधल्या कुठल्यातरी जुन्या झाडात त्या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसला आणि ते निकामी झालं. हे कसं घडलं ते शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं. थांबायचा निरोपच मिळेना, म्हणून ते झाड फुलतच राहिलं. चीनमधल्या कुणा माळ्याला ते लक्षात आलं आणि त्याने ते झाड जपलं. त्याचं नाव आज कुणालाच माहीत नाही. माझ्या गच्चीवर डिसेंबरात, फेब्रुवारीत, एप्रिलमध्ये, पुन्हा पावसात फूल येतं, ते त्या माणसाच्या नजरेमुळे.

कळी उमलायच्या आदल्या दिवशी तिच्याजवळ निवांत बसून बघावं. कळीला पाच हिरवी निदलं असतात. वरवर सारखीच दिसतात, पण बहुतेक कळ्यांत ती सारखी नसतात. दोघांच्या दोन्ही कडांना बारीक झालर असते. दोघांच्या दोन्ही कडा साफ असतात. आणि पाचव्याच्या एकाच कडेला झालर असते, दुसरी कड कोरी. कळी घडत असताना ही पाच निदलं एकमेकांवर चढून बसलेली असतात. जी कड बाहेर मोकळी राहते तिला झालर फुटते, जी दुसऱ्याखाली दबते ती तशीच राहते. पाचवं निदल एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली असतं, म्हणून ते अर्धंअर्धं. हे मोजून बघायला लहान मुलांना फार आवडतं. मोठ्या माणसांनाही आवडतं, पण त्यांना आधी खाली बसवावं लागतं.

मग निदलं मागे वळतात आणि बाहेरच्या पाकळ्या सुटतात. हायब्रिड टीचं सगळं वैभव या वेळी असतं. बाहेरच्या पाकळीची कड मागे दुमडते, तिच्या आतली थोडी कमी दुमडते, आणि मधला सुळका घट्ट मिटलेला, उंच राहतो. पाकळ्या मध्याभोवती फिरत फिरत लागलेल्या दिसतात. डिसेंबरच्या थंडीत ही अवस्था दोन-तीन दिवस टिकते, रंगही गडद येतो. एप्रिलमध्ये सकाळी अर्धं उमललेलं फूल दुपारपर्यंत आपला मध्य उघडा टाकून मोकळं होतं. म्हणून मी भर उन्हाळ्यातल्या कळ्या वाढू देत नाही, झाडाची ताकद राखते. काहींना हे निष्ठुर वाटतं. मला पुण्याच्या मे महिन्यात झाडाला फुलायला लावणं जास्त निष्ठुर वाटतं.

पिवळ्या रंगाची कथा वेगळी आणि जरा दुःखाची आहे. सुरुवातीच्या हायब्रिड टीमध्ये खरा गडद पिवळा नव्हताच. ल्योंच्याच जोसेफ पेर्ने-द्युशे यांनी 'पर्शियन यलो' या पिवळ्याधमक गुलाबाशी वर्षानुवर्षं संकर करून बघितले आणि १९०० मध्ये 'सोलेय द'ऑर' आणला. आपल्याकडे आज जे पिवळे, केशरी, जर्दाळू रंगाचे गुलाब आहेत त्यांचा उगम बहुतेक या कामात आहे. रंगाबरोबर एक दुबळेपणाही आला. 'पर्शियन यलो' काळ्या ठिपक्यांच्या रोगाला लवकर बळी पडतो, आणि तो स्वभाव वंशात उतरला. जुलैमध्ये आमच्याकडे झड लागते तेव्हा हे दिसतं. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की या बुरशीला तेवढं पुरतं. आधी खालच्या पानांवर कडा विस्कटलेले काळे ठिपके, मग त्याभोवती पिवळेपणा, मग पानगळ. पिवळ्या जाती ऑगस्टपर्यंत अर्ध्या उघड्या पडतात. पडलेलं पान उचलून टाकणं, पाणी बुंध्याशी आणि सकाळी देणं, झाडांमध्ये वारं खेळेल एवढं अंतर ठेवणं, हे मी फवाऱ्याच्या आधी करते, आणि फवाऱ्याहून त्यावर माझा विश्वास जास्त आहे.

पेर्ने-द्युशे यांची दोन मुलं, क्लॉदियस आणि जॉर्ज, पहिल्या महायुद्धात मारली गेली. ही मुलं त्यांचं काम पुढे नेणार होती. युद्धानंतर बापाने दोघांच्या नावाने एकेक गुलाब आणला. 'सूव्हनीर द क्लॉदियस पेर्ने' १९२० चा, पिवळा. 'सूव्हनीर द जॉर्ज पेर्ने' त्याच्या पुढच्या वर्षीचा.

यातल्या क्लॉदियसच्या नावाचा गुलाब पुढे आणखी एका ठिकाणी भेटतो. फ्रान्सिस मेयाँ या तरुणाने १९३५ मध्ये काही संकर केले. त्यातल्या एका रोपाचा वहीतला क्रमांक ३-३५-४० असा होता. पानं चकचकीत, फूल मोठं, पिवळं, कडांना गुलाबी छटा. दुसरं महायुद्ध पेटायच्या सुमारास मेयाँ घराण्याने त्याचे डोळे जर्मनीत, इटलीत आणि अमेरिकेत पाठवले, आणि मग सीमा बंद झाल्या. कुठे काय झालं हे फ्रान्समध्ये कुणाला कळेना. जर्मनीत तो 'ग्लोरिया देई' झाला, इटलीत 'जोया', आणि घरी फ्रान्सिसने त्याला आपल्या दिवंगत आईचं नाव दिलं, 'मादाम आ. मेयाँ'. अमेरिकेत त्याचं नामकरण २९ एप्रिल १९४५ ला झालं, बर्लिन पडत होतं त्या दिवसांत. नाव ठेवलं 'पीस'. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी जमलेल्या प्रतिनिधींना या गुलाबाचं एकेक फूल देण्यात आलं. आणि 'पीस'ची जी वंशावळ नोंदलेली आहे, तिच्यात पूर्वज म्हणून 'सूव्हनीर द क्लॉदियस पेर्ने' आहे.

माझ्याकडे 'पीस' आहे. पुण्याच्या उन्हात त्याची गुलाबी कड लवकर विरते, छाटणीला तो नाखूश असतो, जोरात छाटला तर महिनोन्‌महिने रुसतो. बागकामातली जाणती मंडळी मला सांगतात की आता त्याच्याहून सरस पिवळे गुलाब मिळतात, आणि ते खरं आहे. तरी मी तो काढणार नाही. शत्रू असलेल्या देशांत एकाच वेळी एकच झाड जिवंत होतं, कारण तिन्ही ठिकाणी कुणीतरी ते डोळे वेळेवर खुंटांवर भरले होते. बॉम्ब पडत असताना रोपांना पाणी घातलं होतं. हे ज्या झाडाने पाहिलं त्याला माझ्या अंगणात कायमची जागा आहे.

डोळा भरायला मी उशिरा शिकले. सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या पुढे, थेट उरुळी कांचनपर्यंत, नर्सऱ्यांची रांग आहे. तिथल्या एका नर्सरीत कलमं करणारे एक काका आहेत. त्यांच्यासमोर खुंटांच्या पिशव्यांची ओळ असते. काका वाकून काप घेत पुढे सरकतात आणि मागून दोन बायका पट्ट्या बांधत येतात. तिघांचा वेग एकच असतो. मी बघत उभी राहिले तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "शिकायचंय का, ताई?" मी हो म्हटलं, तर म्हणाले, "मग चप्पल काढून बसा. उभ्याने होत नाही हे."

डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा काळ. खुंट पेन्सिलीएवढा जाड हवा आणि पाणी चढलेला हवा, म्हणजे साल सुटते. मातीपासून वीतभराच्या आत, गुळगुळीत जागी, आधी आडवा काप आणि मग खाली उभा, इंग्रजी टी अक्षरासारखा. सुरी फक्त सालीपुरतीच जायला हवी, लाकडाला लागता कामा नये. सुरीच्या मागच्या हाडी टोकाने सालीच्या दोन्ही कडा हलक्या हाताने उचलायच्या. आतली जागा ओलसर, हिरवट पांढरी, चकाकणारी दिसते. मग काडी घ्यायची, नुकतंच फूल येऊन गेलेल्या फांदीची, जिच्यावरचे काटे बोटाने ढकलले की कट्‌कन सुटतात. गुलाबाचा काटा लाकडातून आलेला नसतो, तो सालीचाच उंचवटा असतो, म्हणून असा स्वच्छ सुटतो. आणि तो सहज सुटतो म्हणजे काडी तयार आहे. पान कापायचं, पण देठाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेवायचा. डोळ्याच्या खालून वर सुरी ओढत नेली की ढालीच्या आकाराचा पापुद्रा हातात येतो. त्याच्या पाठीमागे लाकडाची कपरी चिकटलेली असते, ती अलगद काढायची, आणि ती काढताना डोळ्याच्या गाभ्यातला बिंदू तिच्याबरोबर उपटून येऊ द्यायचा नाही. तो आला तर तिथे खळगा दिसतो. तो डोळा गेला, दुसरा घ्यायचा.

देठाच्या तुकड्याला धरून ढाल त्या फटीत वरून खाली सरकवायची. बोटांनी डोळ्याला हात लावायचा नाही. वर उरलेला भाग आडव्या कापाच्या रेषेत कापायचा आणि पॉलिथिनच्या पट्टीने खालून वर गुंडाळत यायचं, डोळा तेवढा उघडा ठेवून. हे सगळं काका मिनिटाच्या आत करतात. घाई यासाठी की काप सुकता कामा नये.

मग दोन-तीन आठवडे थांबायचं. आणि मग त्या ठेवलेल्या देठाच्या तुकड्याला बोटाच्या टोकाने स्पर्श करायचा. तो पिवळा पडला असेल आणि नुसत्या स्पर्शाने गळून पडला, तर डोळा धरला. जिवंत डोळा जुन्या पानाचा देठ स्वतःहून सोडून देतो. मेलेल्या डोळ्यात तेवढीही ताकद नसते. तिथे देठ काळा पडून, सुकून, तसाच चिकटून राहतो. काकांनी हे मला सांगितलं तेव्हा बांधणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "गळलं की आनंद, असं हे एकच काम आहे बघा." माझ्या हातचा पहिला देठ असा गळून तळहातावर पडला तो 'रोझ शर्बत'चा होता. त्याच्याकडे येतेच.

डोळा धरला तरी खालचा खुंट गप्प बसत नाही. कलमाच्या गाठीच्या खालून त्याचे फुटवे येत राहतात, आणि ते वरच्या झाडाहून जोमाने वाढतात. सात पानं म्हणजे खुंटाची फूट, पाच पानं म्हणजे खरं झाड, असा एक ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो. त्यावर विसंबू नये. बऱ्याच चांगल्या हायब्रिड टी जातींच्या पानालाही सात पर्णिका येतात, आणि या ठोकताळ्यापायी लोक खऱ्या झाडाची उत्तम फांदी उडवतात. माती बाजूला करून फूट कुठून निघाली ते बघावं, आणि गाठीच्या खालून असेल तर ती कापण्याऐवजी खाली ओढून मुळासकट सोलून काढावी. कापली तर तिथल्या सुप्त डोळ्यांतून आणखी चार निघतात.

छाटणी आमच्याकडे ऑक्टोबरात. परतीचा पाऊस ओसरला, कोजागिरीच्या आसपास रात्री गार व्हायला लागल्या, की सिकेटरला धार लावायची. वाळकं, रोगट, आत वळलेलं, काडीसारखं बारीक ते सगळं काढायचं. उरलेल्या तीन-चार दमदार फांद्या गुडघ्याच्या खाली आणायच्या. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरासं वर तिरका काप. कापलेल्या तोंडाशी मधला गर बघायचा. तो तपकिरी असेल तर फांदी आतून मरते आहे, अजून खाली जायचं, पांढरा गर दिसेपर्यंत. त्यावर मोरचूद आणि चुन्याची पेस्ट. मग आळ्यात शेणखत, निंबोळी पेंड, मूठभर हाडांचा चुरा. त्या दिवशी संध्याकाळी अंगण ओकंबोकं दिसतं आणि येणारे-जाणारे हळहळतात. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फूल येतं. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे फुलं ठेवणारी मंडळी हा हिशेब उलटा मांडतात आणि एकेका जातीची तारीख वेगळी धरतात, कारण दाट पाकळ्यांच्या जातीला चार दिवस जास्त लागतात. या लोकांशी बोलावं. त्यांच्याइतकं एका झाडाकडे बघणारं कुणी मला भेटलेलं नाही.

आता वासाबद्दल. फुलवाल्याकडच्या लांब दांड्याच्या गुलाबाला वास नसतो, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मावळात, तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊसमध्ये जे गुलाब पिकतात ते टिकण्यासाठी आणि प्रवासासाठी निवडलेले आहेत, त्यांच्याकडे वास मागणं अन्यायाचं आहे. २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दोन गुलाब शेजारी ठेवून तपासले. एक 'पापा मेयाँ', काळसर लाल आणि घमघमणारा, फ्रान्सिसच्या वडिलांच्या नावाचा. दुसरा 'रूज मेयाँ', लालच पण बिनवासाचा. वासाच्या गुलाबात एक विकर जोमाने काम करत होतं, जे वनस्पतीच्या इतर कुठल्यातरी साफसफाईच्या कामातलं असावं असं वाटे. बिनवासाच्यात ते जवळजवळ मुकं होतं. पाकळीत गुलाबाचा वास तयार होतो तो त्याच्यामुळे. रंगाकडे, दांड्याकडे, टिकाऊपणाकडे बघून निवड करत गेलं की हे विकर नकळत मागे पडतं. ते परत आणायचं तर निवडणाऱ्याने फुलाला नाक लावायला हवं.

नाक लावणारा एक माणूस आपल्याकडे होता. डॉ. बेंजामिन पिअरी पाल. गव्हाचे शास्त्रज्ञ, तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या गव्हाच्या जाती घडवणारे, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे १९६५ पासूनचे पहिले महासंचालक. देशाचं धान्य ज्यांच्या डोक्यात होतं त्या माणसाने त्याच आयुष्यात गुलाब घडवले, आणि १९६६ मध्ये 'द रोझ इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा 'रोझ शर्बत' १९६२ चा. गडद गुलाबी, आणि वास असा की गच्चीचं दार उघडलं की आधी तो भेटतो, मग फूल दिसतं. 'डॉ. होमी भाभा' १९६८ चा, पांढरा. भाभांचं विमान कोसळून दोन वर्षं झाली होती. दिल्लीच्या पुसा संस्थेतून 'मृणालिनी' आला, 'रक्तगंधा' आला. कोडाईकनालला राहणारे एम. एस. वीरराघवन प्रशासकीय सेवेतले, त्यांनी तीच मणिपूरची रोझा जायगँटिया आणि बंगालच्या पाणथळीतली रोझा क्लिनोफिला घेऊन उष्ण हवेत टिकतील असे गुलाब करायला आयुष्य दिलं. या सगळ्यांचा प्रश्न एकच होता. ल्यों आणि कॅलिफोर्नियाच्या हवेसाठी निवडलेला गुलाब आपल्या उन्हात, आपल्या पावसात का म्हणून कुढत जगावा?

आणि हेच गुलाब आज मिळत नाहीत. नर्सरीत गेलं की विचारतात, कुठला रंग देऊ? लाल, पिवळा, पांढरा, 'डबल कलर'. पिशवीवर फार तर 'डच' किंवा 'बटन' असं लिहिलेलं. नाव विचारलं तर मालक बुचकळ्यात पडतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण गिऱ्हाईकही रंगच मागतं. पण ज्या झाडाचं नाव गेलं त्याचा डोळा कुणी मुद्दाम मागत नाही. मग ते झाड म्हातारं होऊन, शेंड्याकडून वाळत, एका उन्हाळ्यात जातं. त्याच्यासारखं दुसरं कुठे असलं तरी ते ओळखायची सोय उरलेली नसते, कारण गुलाबी रंगाच्या शेकडो जाती आहेत आणि नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही. देऊळ पडलं तर दगड तरी उरतात. गुलाबाच्या जातीचं काहीच उरत नाही, पुस्तकातल्या चार ओळी सोडून.

माझ्याकडच्या प्रत्येक झाडाला मी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी बांधली आहे. शाई उन्हाने उडते, म्हणून नाव खिळ्याने कोरलेलं आहे. खाली झाड कुठून आलं ते, आणि घडवणाऱ्याचं नाव ठाऊक असेल तर तेही. वहीत तेच पुन्हा. सोसायटीतली एक मुलगी, शेतकी कॉलेजात शिकणारी, गेल्या हिवाळ्यात 'रोझ शर्बत'च्या काड्या घेऊन गेली. पानं कापून देठ ठेवले, काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर प्लास्टिकची पिशवी, आणि तिला सांगितलं, दोन दिवसांच्या आत डोळे भर. तिने भरले. तिच्या गावी, साताऱ्याच्या बाजूला, आता तो आहे, आणि पट्टी बांधलेला आहे. तिने पट्टीचा फोटो आधी पाठवला, फुलाचा नंतर.

माझ्याकडे 'रोझ शर्बत', 'पीस', 'पापा मेयाँ', 'डॉ. होमी भाभा' यांच्या काड्या डिसेंबर ते फेब्रुवारी निघतात. ज्याला भरता येतात त्याने न्याव्या, ज्याला येत नाहीत त्याला शेजारी बसवून दाखवीन. 'मृणालिनी' मी बरेच दिवस शोधते आहे. नाव खात्रीचं असलेलं झाड कुणाकडे असेल, तर या जानेवारीत तिच्या दोन काड्या मला हव्या आहेत. खुंट तयार आहेत.